उद्योगसमूहांवरचा जुना निष्कर्ष नव्या आकड्यांत उतरत नाही. पुनर्पडताळणी हाच पीएचडीचा विषय होऊ शकतो का?

प्रश्न : संशोधक, कर्वेनगर

नमस्कार.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात एमबीएच्या विद्यार्थ्यांना स्ट्रॅटेजी हा विषय शिकवते आणि त्याच विषयात पीएचडी करत आहे. विविधीकरणाचा भाग शिकवायला घेतला की आपल्याकडे बहुतेक सगळेच एका निबंधाचा दाखला देतात. तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांचा हा निबंध २००० साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ सालच्या सुमारे १,३०० भारतीय कंपन्यांचे आकडे घेऊन त्यांनी असे दाखवले की उद्योगसमूह जसजसा अधिक क्षेत्रांत पसरतो तसतशी त्यातील कंपन्यांची कामगिरी आधी खालावते, परंतु पसारा एका मर्यादेपलीकडे गेला की ती पुन्हा सुधारू लागते. आलेख काढला तर तो इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. भांडवलाचा बाजार, व्यवस्थापकांची उपलब्धता आणि करारांची अंमलबजावणी या व्यवस्था ज्या देशात कच्च्या असतात तिथे पुरेसा मोठा समूह त्या उणिवा स्वतःच्या घरातच भरून काढतो, असे त्यामागचे कारण त्यांनी दिले आहे.

हा निष्कर्ष आजही टिकतो का, हे पाहावे म्हणून मी सीएमआयई या संस्थेच्या प्रोवेस या कंपन्यांच्या आर्थिक माहितीच्या डेटाबेसमधून २०१५ ते २०१९ या वर्षांचे आकडे काढले. आलेखाची उतरती बाजू काही प्रमाणात दिसते. चढती बाजू मात्र दिसतच नाही. कंपनीचे वय, आकार, कर्जाचे प्रमाण हे घटक आत-बाहेर करून पाहिले, परताव्याऐवजी टोबिन्स क्यू (कंपनीचे बाजारमूल्य आणि तिच्या मालमत्तेची किंमत यांचे गुणोत्तर) घेऊन पाहिला, तरी फारसा फरक पडला नाही.

माझ्या गाइडांचे म्हणणे असे की हे काम आधी झालेले आहे, त्यामुळे आरआरसीसमोर (पीएचडीच्या विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर) ‘यात तुमचे मौलिक योगदान काय’ हा पहिलाच प्रश्न येईल आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसेल. नवा एखादा घटक जोडून नवे गृहीतक मांडावे, असा त्यांचा सल्ला आहे. मला मात्र मनापासून असे वाटते की जे आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो ते आज खरे आहे की नाही, हे तपासणे हेच मोठे काम आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे : स्ट्रॅटेजीच्या संशोधनात अशा पुनर्पडताळणीला स्वतंत्र स्थान आहे का? आणि समजा माझा निकाल असाच राहिला, तर त्याचा अर्थ मूळ निष्कर्ष चुकीचा होता असा घ्यायचा, की काळ बदलला असा, की माझ्या आकड्यांतच काही उणे आहे असा? या तीन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या?


उत्तर : निवृत्त प्राध्यापक, औंध

आपल्या गाइडांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपल्या विषयाच्या इतिहासातच आहे. कंपनीचा नफा ती ज्या उद्योगात आहे त्यावर अधिक अवलंबून असतो की खुद्द त्या कंपनीवर, हा स्ट्रॅटेजीतील अगदी मूळचा वाद आहे. रिचर्ड श्मालेन्सी यांनी १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे १९७५ या एकाच वर्षाचे आकडे घेऊन असे दाखवले की नफ्यातील फरकापैकी सुमारे २० टक्के फरक उद्योगामुळे पडतो. रिचर्ड रुमेल्ट यांनी १९९१ मध्ये त्याच कमिशनचे आकडे घेतले, फक्त एका वर्षाऐवजी १९७४ ते १९७७ अशी चार वर्षे घेतली. चार वर्षे हाताशी असल्यामुळे त्यांना उद्योगाचा टिकाऊ परिणाम आणि वर्षागणिक बदलणारा परिणाम वेगळा काढता आला. टिकाऊ परिणाम जेमतेम ८ टक्के निघाला, आणि एकाच कंपनीच्या निरनिराळ्या व्यवसायांचा स्वतःचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास. पुढे १९९७ मध्ये अनिता मॅकगहन आणि मायकेल पोर्टर यांनी कॉम्प्युस्टॅट या अमेरिकी कंपन्यांच्या डेटाबेसमधील १९८१ ते १९९४ चे आकडे घेतले, ज्यांत कारखानदारीबरोबर सेवा आणि व्यापारही होता. त्यात उद्योगाचा वाटा पुन्हा १९ टक्क्यांवर गेला. केवळ कारखानदारीपुरते पाहिले तर तो बराच कमी होता.

हे तीन निबंध एकापुढे एक ठेवून वाचावेत. प्रश्न एकच, पण प्रत्येकाने काय बदलले ते नेमके सांगता येते, आणि म्हणूनच उत्तर का बदलले तेही सांगता येते. रुमेल्ट यांना कोणी ‘हे श्मालेन्सींनी आधीच केले आहे’ असे म्हटले नाही. उलट त्यांचा निबंध आज या विषयाच्या पायाभूत वाचनात आहे. आरआरसीसमोर हेच उदाहरण मांडावे, असे मी सुचवेन.

स्थानाविषयी विचारलेत म्हणून सांगतो. ‘स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल’ने २०१६ मध्ये पुनर्पडताळणीवर एक खास अंक काढला. त्याच वर्षी संपादकांनी जाहीर केले की पुनर्पडताळणीचे आणि परिणाम न आढळलेले निबंधही आम्ही स्वीकारू, आणि सार्थतेच्या (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा, हे ठरवणाऱ्या संख्याशास्त्रीय कसोटीच्या) ठरावीक पातळ्यांचा हवाला देणारे निबंध यापुढे घेणार नाही. हे अशा वेळी झाले की त्याची गरज उघड दिसत होती. डोनाल्ड बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच जर्नलमधील ८८ निबंध तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के निबंधांत निष्कर्ष पुन्हा काढून पाहण्याइतकी माहितीच दिलेली नव्हती. ज्यांत ती होती, त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश निबंधांत सार्थ म्हणून मांडलेली गृहीतके फेरगणनेत सार्थ ठरली नाहीत. निबंधात छापलेल्या सरासऱ्या आणि परस्परसंबंधांच्या कोष्टकावरून केलेली ही पडताळणी होती, हे इथे लक्षात घ्यावे; म्हणजे आत्मविश्वासाने छापलेले कोष्टक स्वतःशीच जुळत नव्हते.

आता आपल्या कामाविषयी. त्या खास अंकाच्या प्रास्ताविकात बेटिस, हेल्फॅट आणि शेव्हर यांनी पुनर्पडताळणीचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतला भेद आपल्याला फार उपयोगी पडेल. मूळ निबंधाचीच पद्धत आणि त्याच कंपन्यांच्या वर्गातील आकडे घेऊन तपासणे हा संकुचित प्रकार. काळ, देश, मोजमाप यांपैकी काही जाणीवपूर्वक बदलून तपासणे हा व्यापक प्रकार. आपण थेट दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात केली आहे, आणि वर्षे, कंपन्यांचा संच, हिशेबाचे नियम हे सगळे एकाच वेळी बदलले आहे. त्यामुळे आलेखाची चढती बाजू नाहीशी झाली ती यांपैकी कशामुळे, हे आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. आधी १९९३ चे आकडे घेऊन मूळचा यू मिळतो का ते पाहावे. तो मिळाला तर आपले मोजमाप आणि गणित मूळ लेखकांच्या जवळचे आहे, असे म्हणायला आधार मिळतो. मग तीच पद्धत न बदलता वर्षामागून वर्ष पुढे सरकावे आणि चढती बाजू कधी सपाट होते ते पाहावे.

इथे एक गोष्ट विसरू नये. खन्ना आणि पालेपू यांनी २००० मध्येच चिलीवरचा निबंधही प्रसिद्ध केला होता. १९८८ ते १९९६ या काळातील आकड्यांत त्यांना असे दिसले की विविधीकरणाचा लाभ एका उंबरठ्यापलीकडेच मिळतो, आणि तो उंबरठा काळाबरोबर वर सरकत जातो. म्हणजे बाजारव्यवस्था सुधारत गेल्या की मोठ्या समूहांचा लाभ आटत जावा, हे त्यांच्या उपपत्तीतच अंतर्भूत आहे. भारतात सेबीला १९९२ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला, राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ पासून व्यवहार सुरू झाले, दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. तेव्हा २०१५–१९ मध्ये चढती बाजू न दिसणे हा मूळ निष्कर्षाचा पराभव नसून त्याची पूर्तताही असू शकते.

पण याच ठिकाणी सावध राहायला हवे. यू दिसला तरी उपपत्ती खरी आणि नाही दिसला तरी खरी, असे होऊ लागले तर ती उपपत्ती काहीच सांगत नाही. म्हणून आकडे पाहण्यापूर्वीच हे लिहून ठेवायला हवे की कोणत्या उद्योगांत, कोणत्या वर्षांच्या आसपास आणि कोणत्या कारणाने लाभ आधी आटेल. उदाहरणार्थ, बाहेरच्या भांडवलावर फार विसंबून असणाऱ्या उद्योगांत तो आधी आटला आणि इतरत्र टिकून राहिला, तर उपपत्तीला खरे बळ मिळते. सगळीकडे एकाच वेळी नाहीसा झाला, तर कारण दुसरेच असण्याचा संभव अधिक. आपले मौलिक योगदान मला इथे दिसते.


उत्तर : चार्टर्ड अकाउंटंट, सदाशिव पेठ

मी संशोधक नाही, पण लेखापरीक्षणाच्या कामात जुने ताळेबंद रोज हाताळतो. मॅडम, १९९३ चे आणि २०१९ चे आकडे एकाच रकान्यात बसलेले दिसले तरी ते एकाच गोष्टीचे आकडे आहेत असे समजू नये.

पहिली बाब वर्षाची. १९५६ च्या कंपनी कायद्यात आर्थिक वर्ष १५ महिन्यांपर्यंत, आणि कंपनी निबंधकाच्या (रजिस्ट्रारच्या) परवानगीने १८ महिन्यांपर्यंत लांबवता येत असे. त्या काळात अनेक कंपन्यांनी तसे केले. अशा कंपनीचा दीड वर्षाचा नफा घेऊन त्याला वर्षअखेरच्या मालमत्तेने भागले, तर परतावा विनाकारण फुगलेला दिसतो. २०१३ च्या कायद्याने एप्रिल ते मार्च हेच वर्ष सर्वसाधारणपणे बंधनकारक केले. तेव्हा १९९३ च्या प्रत्येक नोंदीत महिन्यांची संख्या पाहून ती बारा महिन्यांवर आणावी.

दुसरी बाब आपण घेतलेल्या वर्षांचीच आहे. ५०० कोटी किंवा त्याहून अधिक नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना इंड-एएस हे नवे लेखामानक २०१६–१७ पासून लागू झाले आणि शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या उरलेल्या कंपन्यांना २०१७–१८ पासून. मोठ्या समूहांतील कंपन्या अर्थातच पहिल्या तुकडीत येण्याचा संभव जास्त. म्हणजे एका वर्षी समूहातील कंपन्यांची मालमत्ता एका नियमाने मोजलेली आणि स्वतंत्र छोट्या कंपन्यांची दुसऱ्या नियमाने. त्यातच १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्यापूर्वी इंड-एएसप्रमाणे दाखवलेल्या विक्रीत उत्पादन शुल्क धरलेले असे, त्यानंतरच्या विक्रीत जीएसटी धरलेला नसतो. विक्रीवर आधारलेले कोणतेही गुणोत्तर वापरले असेल तर हा सांधा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या पाच वर्षांच्या बरोबर मधोमध हे दोन्ही बदल येतात, म्हणून शक्य असल्यास २०१६ पर्यंतची वर्षे वेगळी आणि नंतरची वेगळी करून पाहावीत.

तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती पुण्याच्याच उदाहरणाने सांगतो. आकुर्डीच्या बजाज ऑटोचे विभाजन २००८ मध्ये अमलात आले. १९४५ मध्ये स्थापन झालेली जुनी कंपनी आज बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने गुंतवणूक कंपनी म्हणून ओळखली जाते, आणि आजची बजाज ऑटो ही कायद्याच्या दृष्टीने २००७ मध्ये स्थापन झालेली निराळी कंपनी आहे. दोघींच्या सीआयएन या कंपनी-नोंदणी क्रमांकात स्थापनेचे वर्ष असते, ते पाहिले की लगेच उलगडा होतो : एकीत १९४५, दुसरीत २००७. आता आपण आजच्या नावाने आणि आजच्या उद्योग-कोडने १९९३ चे आकडे काढले, तर काय होईल? बजाज ऑटो या नावापुढे १९९३ चे काहीच मिळणार नाही, आणि ज्या कंपनीपुढे मिळेल तिचा कोड वित्तीय सेवांचा असल्यामुळे ‘वित्तीय कंपन्या वगळल्या’ या एका ओळीने त्या काळी देशात सर्वाधिक स्कूटर विकणारी कंपनी आपल्या सॅम्पलमधून निघून जाईल. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या विभाजनानंतरही जुनी कंपनी किर्लोस्कर इंडस्ट्रीज झाली आणि इंजिनांचा व्यवसाय नव्या कंपनीत गेला. समूहांच्या बाबतीतही हेच. रिलायन्सची वाटणी २००५ मध्ये झाली. समूहाचे नाव आजचे घेतले तर १९९३ मध्ये एकच असलेला समूह दोन म्हणून मोजला जाईल आणि त्याचा पसारा खराखुरा होता त्याहून लहान दिसेल.

म्हणून डेटाबेसमधून मिळालेला समूहाचा आणि उद्योगाचा कोड त्या वर्षाचा आहे की आजचा, हे प्रत्येक मोठ्या समूहासाठी हाताने तपासावे. काम किचकट आहे, पण मोठे समूह मोजकेच असल्यामुळे ते होण्यासारखे आहे. जुने वार्षिक अहवाल हवे असतील तर गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आणि मराठा चेंबरमध्ये चौकशी करून पाहावी.


उत्तर : एमबीए शिक्षक, निगडी

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरीही गाइडांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. १९९३ चा संच हाताने दुरुस्त करण्यात दीर्घ काळ जाईल, आणि एवढे करूनही मूळ यू मिळाला नाही तर संशोधकाच्या हाती काय उरेल? मूळ लेखकांचा संच वेगळा होता, एवढेच म्हणता येईल. फेलोशिपची मुदत कोणासाठी थांबत नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत ‘दुसऱ्याचे काम पुन्हा केले’ अशीच नोंद होते. ही पद्धत अन्यायाची आहे हे मान्य, पण तिची किंमत विद्यार्थ्याने एकट्याने का मोजावी? पुनर्पडताळणी हे प्रबंधातील एक प्रकरण असावे आणि उरलेला प्रबंध नव्या प्रश्नावर उभा राहावा, असे माझे मत आहे.


प्रश्नकर्तीचे उत्तर : संशोधक, कर्वेनगर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सीए साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी कालच माझा संच उघडून पाहिला. उद्योगाचा कोड मी एकदाच, आजच्या तारखेचा घेतला आहे आणि समूहाचे नावही तसेच. २०१५–१९ साठी त्याने फार बिघडले नसावे, परंतु १९९३ कडे जायचे तर दोन्ही रकाने नव्याने बांधावे लागतील, हे स्पष्ट झाले.

निगडीच्या सरांची काळजी मला समजते. म्हणूनच एक प्रश्न अधिक नेमका करून विचारते. ‘यू मिळाला’ किंवा ‘यू मिळाला नाही’ असे म्हणण्याची कसोटी कोणती? मी आतापर्यंत विविधीकरणाच्या वर्गपदाचा (रेषेला वळण देणाऱ्या, विविधीकरणाच्या वर्गाच्या पदाचा) सहगुणक सार्थ आहे की नाही एवढेच पाहत होते. मूळ निबंधात परिणाम सार्थ आणि माझ्याकडे असार्थ, एवढ्यावरून दोन निकाल वेगळे आहेत असे म्हणणे पुरेसे आहे का?


उत्तर : डेटा विश्लेषक, बाणेर

पुरेसे नाही, आणि हा मुद्दा आपल्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी यायला हवा.

एक आकडा सार्थ आणि दुसरा असार्थ असला, तरी त्या दोन आकड्यांमधला फरक स्वतः सार्थ असेलच असे नाही. अँड्र्यू गेलमन आणि हाल स्टर्न यांनी २००६ मध्ये यावर स्वतंत्र टिपण लिहिले आहे. आपला अंदाज आणि मूळ अंदाज यांच्यातील फरकच थेट तपासावा. त्यासाठी दोन्ही काळांचे आकडे एका मॉडेलमध्ये ठेवून विविधीकरण आणि काळ यांच्या गुणाकाराची पदे घालता येतात.

यू आकाराविषयी : वर्गपद सार्थ येणे ही केवळ सुरुवात आहे. लिंड आणि मेहलम यांनी २०१० मध्ये जी चाचणी सुचवली, आणि ज्या रीतीने हान्स, पीटर्स आणि ही यांनी २०१६ मध्ये ती स्ट्रॅटेजीच्या अभ्यासकांपुढे मांडली, तिच्यानुसार वक्राचा उतार आकड्यांच्या डाव्या टोकाला खरोखर ऋण आणि उजव्या टोकाला खरोखर धन असायला हवा, आणि वळणाचा बिंदू आकड्यांच्या कक्षेत नीट आत पडायला हवा. घसरत जाऊन हळूहळू सपाट होणारी रेषासुद्धा सार्थ वर्गपद देते. वळणबिंदूचा कॉन्फिडन्स इंटरव्हलही (तो बिंदू ज्या मर्यादांत असण्याचा संभव आहे तो पट्टा) काढून छापावा. तो आकड्यांच्या कक्षेबाहेर जात असेल तर यू आहे किंवा नाही, यांपैकी काहीच ठामपणे म्हणता येत नाही.

भारतीय समूहांच्या बाबतीत याला एक खास अडचण आहे, आणि ती चर्चेत कोणी मांडलेली नाही. उजव्या टोकाला, म्हणजे अतिशय विविध क्षेत्रांत पसरलेले, समूह किती आहेत? टाटा, बिर्ला अशी मोजकी नावे. त्यांच्या कंपन्या पुष्कळ असल्यामुळे सॅम्पलमध्ये शेकडो ओळी दिसतात, परंतु विविधीकरण हे समूहाचे मोजमाप आहे, कंपनीचे नव्हे. त्यामुळे एका समूहातील सर्व कंपन्यांच्या ओळीत तोच आकडा असतो. चढत्या बाजूबद्दलची स्वतंत्र माहिती कंपन्यांच्या संख्येइतकी नसून समूहांच्या संख्येइतकी आहे. म्हणून स्टँडर्ड एरर (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) समूहाच्या पातळीवर क्लस्टर करावेत, म्हणजे एका समूहातील कंपन्या एक गट धराव्यात, आणि एकेक मोठा समूह बाजूला काढून तेच गणित पुन्हा करावे. एकच समूह काढल्यावर चढती बाजू नाहीशी होत असेल, तर ‘व्यापक विविधीकरणाचा लाभ’ म्हणून आपण जे शिकवतो ते वास्तविक त्या एका समूहाविषयीचे विधान असेल. हे १९९३ साठीही करावे आणि अलीकडच्या वर्षांसाठीही.

त्याच्याच जोडीला हेही पाहावे की मूळ निबंधाएवढा यू २०१५–१९ च्या आकड्यांत खरोखर असता, तर आपल्या पद्धतीला तो दिसला असता का. मूळ सहगुणक खरे मानून कृत्रिम आकडे तयार करावेत आणि आपली चाचणी त्यांवर अनेकदा चालवावी. बहुतेक वेळा यू सापडत असेल तरच तो न सापडण्याला अर्थ आहे. ब्रेंट गोल्डफार्ब आणि अँड्र्यू किंग यांनी २०१६ मध्ये व्यवस्थापनाच्या प्रमुख जर्नलांतील ३०० निबंधांवरून अंदाज बांधला की कोष्टकात एक किंवा दोन तारे (सार्थतेची खूण) लागलेल्या निष्कर्षांपैकी २४ ते ४० टक्के निष्कर्ष अभ्यास पुन्हा केल्यास आढळणार नाहीत. यात कोणी लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही. अनेक वाटांपैकी ज्या वाटेने तारे मिळाले ती वाट छापली गेली की असे होते.

वाटा किती असतात याचाही विचार करावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुटबॉलमधील लाल कार्डांचा एकच डेटा आणि एकच प्रश्न २९ गटांना दिला होता. २० गटांना परिणाम सार्थ दिसला, ९ गटांना दिसला नाही. आपल्या विषयात तर वित्तीय कंपन्या ठेवायच्या की नाही, टोकाचे आकडे छाटायचे की नाही, समूहाचा पसारा किती अंकी कोडने मोजायचा, असे निर्णय पावलोपावली आहेत. म्हणून निर्णयांची यादी, कसोट्या आणि ‘जुळले’ म्हणजे काय याची व्याख्या आधी लिहून ओएसएफसारख्या (संशोधनाचे आराखडे आधीच नोंदवण्याच्या संकेतस्थळासारख्या) ठिकाणी तारखेसह नोंदवावी. २०१५–१९ चे आकडे आपण पाहिलेले आहेत, हेही त्या नोंदीत स्पष्ट लिहावे. १९९३ ते २०१४ चे आकडे अजून पाहिलेले नाहीत, आणि आपल्या कामाचे खरे बळ त्या वर्षांत आहे.


उत्तर : निवृत्त प्राध्यापक, औंध

बाणेरच्या मित्रांनी मांडलेला समूहसंख्येचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. यावरून निगडीच्या सरांच्या आक्षेपालाही उत्तर देता येईल. १९९३ चा यू मिळाला नाही तर हाती काहीच उरणार नाही, अशी त्यांची भीती आहे. परंतु सीए साहेबांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक मोठ्या समूहाची त्या-त्या वर्षीची खरी रचना, विभाजने आणि उद्योग-कोड यांचा तक्ता या कामातून तयार झाला, आणि तो सर्वांसाठी खुला केला, तर निकाल कोणताही लागला तरी भारतीय समूहांवर काम करणाऱ्या पुढच्या प्रत्येक संशोधकाला तो लागणारच आहे. असा तक्ता करणे हे मी मौलिक योगदानच मानतो. विद्यार्थ्याने एकट्याने किंमत का मोजावी, हा त्यांचा प्रश्न मात्र बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर आमच्यासारख्या गाइड राहिलेल्या माणसांनी द्यायला हवे; विभागाने दोन-तीन विद्यार्थ्यांना हे काम वर्षे वाटून दिले, तर मुदतीचा ताण पुष्कळ कमी होईल.

सिनॉप्सिसचा क्रम असा ठेवता येईल : पहिल्यांदा हा तक्ता, मग १९९३ ची संकुचित पडताळणी, त्यानंतर वर्षागणिक पुढची वाटचाल, आणि शेवटी बाहेरच्या भांडवलावर विसंबणाऱ्या व न विसंबणाऱ्या उद्योगांची तुलना. शेवटचे प्रकरण गाइडांना हवे असलेले नवे गृहीतक आहे, आणि ते आधीच्या तीन प्रकरणांतूनच निघते. शीर्षकात ‘पुनर्पडताळणी’ हा शब्द घालावा की नाही, हे गाइडांवर सोडावे. त्यावरून वाद घालू नये.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ लेखकांना एक पत्र अवश्य लिहावे. ‘आपला डेटा पाठवा’ अशी मोघम विनंती करू नये. समूहांचे वर्गीकरण कोणत्या यादीवरून केले आणि १२ महिन्यांहून अधिक लांबीच्या आर्थिक वर्षांचे काय केले, हे दोनच प्रश्न विचारावेत आणि आपण १९९३ चा संच कसा बांधत आहात त्याचे एक पान सोबत जोडावे. पत्राची प्रत गाइडांनाही पाठवावी, म्हणजे उत्तर आले तर त्यांनाही ते थेट वाचता येईल.